बालविकास केंद्रातली सात महिन्यांची वेटिंग: आधी थेरपीचं वेळापत्रक बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जिल्ह्याच्या गावी ट्रस्टचं बालविकास केंद्र आहे. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणारे डॉक्टर, आठवड्यातून दोन दिवस येतात. दोन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे खाणं, कपडे घालणं, खेळणं अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून थेरपी देणाऱ्या), एक सायकॉलॉजिस्ट आणि अर्धवेळ स्पीच थेरपिस्ट आहेत. पहिल्या तपासणीच्या यादीत २१० मुलं आहेत आणि आज नाव घातलं तर सात महिन्यांनी तारीख मिळते. महिन्याला तीसेक नवीन नावं येतात, तीसेक मुलांची तपासणी होते, आणि गेली दोन वर्षं हे असंच चाललंय. काही ट्रस्टी म्हणतात तीन महिने नवीन नोंदणी बंद करा. बाकीचे म्हणतात देणगीदार तयार आहे, आणखी एक ओटी नेमा. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: नोंदणी कधीच बंद करू नका, आणि ओटीची नेमणूक निदान चार महिने पुढे ढकला. मी स्वतः ओटी आहे, तेव्हा आमच्याच जागा कमी करण्यात मला काही आनंद नाही. पण अशाच एका केंद्राचं काम बरीच वर्षं बघितल्यावर आणि आता इतर केंद्रांची वेळापत्रकं तपासताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. रांग दारात दिसते म्हणून सगळे दारातच माणसं वाढवतात, आणि अडलेलं असतं आत. ते कसं, हे तुमच्याच आकड्यांवरून दाखवते.

रांगेचं एक साधं गणित आहे, १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेलं. यादीतली माणसं भागिले दर महिन्याला होणारी कामं, म्हणजे थांबण्याचा काळ. तुमचे २१० भागिले ३०, बरोबर सात महिने. आता दुसरी गोष्ट बघा. महिन्याला जितकी येतात तितकीच तपासून होतात, म्हणून यादी वाढतही नाही आणि घटतही नाही. पाण्याच्या टाकीत जितकं येतं तितकंच बाहेर जात असेल तर पातळी हलत नाही, मग ती तळाशी असो की काठाला. तुमची पातळी कधीतरी काठापर्यंत चढली. डॉक्टर रजेवर असतील, कोविडमध्ये केंद्र बंद असेल, कारण काहीही असो. ती तिथेच राहिली. म्हणजे रोजची क्षमता अगदी अपुरी आहे असं हे आकडे सांगत नाहीत. जुनी थकबाकी साचलीय आणि प्रत्येक नवीन मूल त्या थकबाकीच्या मागे उभं राहतंय, इतकंच ते सांगतात. थकबाकी एकदा फेडायची असते. तिच्यासाठी कायमचा पगार सुरू करायची गरज नसते.

इथे एक शंका घ्यायला हवी. यादी स्थिर दिसते ती खरोखर तपासण्यांमुळे, की कंटाळून गळणाऱ्या मुलांमुळे? सात महिन्यांनी फोन केल्यावर ‘आम्ही पुण्याला दाखवलं’ किंवा ‘आता शाळेत घातलंय, बघू’ असं किती जण म्हणतात? तपासण्या तीस आणि गळणारी दहा असतील, तर तुमच्याकडे येणारी मुलं चाळीस आहेत आणि तूट खरी आहे. रिसेप्शनच्या वहीत हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ‘आले नाहीत’ या एका शेऱ्याखाली सगळं जातं. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्या २१० घरी फोन करणं. एक फोन उचलला नाही म्हणून नाव कापायचं नाही. दुपारी शेतावर असलेली आई रात्री आठला फोन घेते. नंबर बदललेला असेल तर आशाताई किंवा अंगणवाडी ताईंकडून निरोप द्यायचा. फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: अजून यायचंय का, मुलाचं वय काय, आणि सगळ्यात काळजी कशाची वाटते. फोन करणारी व्यक्ती शांतपणे ऐकणारी हवी, कारण सात महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदाच विचारतंय म्हटल्यावर बाया रडतात.

याच फोनमध्ये काही मुलं ताबडतोब वेगळी काढायची असतात, कारण ‘आधी नाव, आधी तारीख’ हा नियम दिसायला न्याय्य असला तरी लहान मुलांच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. येत असलेले शब्द किंवा चालणं गेलं, ही एक. चार-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ मान-हात आत घेऊन दचकतं, हे दुसरं. घरचे त्याला पोटातला मुरडा समजतात, पण ते इन्फन्टाइल स्पाझम, म्हणजे बाळांना येणारे एक प्रकारचे मेंदूचे झटके, असू शकतात. या बाळाला तुमच्याकडची तारीखच नको, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ हवा. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, आलेली कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं, स्वतःला इजा करून घेणारी मुलं आणि दोन वर्षांच्या आतलं कुठलंही मूल, यांच्यासाठी दर आठवड्याला ठरावीक वेळा राखून ठेवा. नऊ महिन्यांच्या बाळाचे सात महिने आणि नऊ वर्षांच्या मुलाचे सात महिने सारखे नसतात.

आता मुद्द्यावर येते. समजा, तुम्ही थकबाकी झपाट्याने फेडली. सगळी २१० मुलं पटापट तपासली. पुढे काय? त्यातल्या बहुतेकांच्या केस पेपरवर ‘ओटी आठवड्यातून दोनदा, स्पीच आठवड्यातून दोनदा’ असं लिहिलं जाणार आणि ती सगळी थेरपीच्या रांगेत जाऊन उभी राहणार. ही रांग बहुतेक केंद्रं मोजतच नाहीत. ट्रस्टींना दाखवायच्या तक्त्यात ‘पहिल्या भेटीचा प्रतीक्षाकाळ’ उत्तम दिसतो आणि आईच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. निदान हातात, आणि ‘जागा झाली की कळवू’.

तुमच्या ओटींचा हिशोब करू. दोघी, रोज प्रत्येकी सहा सेशन, पाच दिवस, म्हणजे आठवड्याला साठ. प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा येत असेल तर एका वेळी तीस मुलं. आता विचारा, मूल थेरपीतून बाहेर कधी पडतं? माझ्या बघण्यातल्या बहुतेक केंद्रांत याचं उत्तर आहे: कुटुंब गाव सोडतं तेव्हा. थेरपीला शेवटच नसतो. सरासरी दोन वर्षं धरली तरी तीस जागांतून वर्षाला पंधरा जागा मोकळ्या होतात. तुम्ही वर्षाला साडेतीनशेच्या वर मुलं तपासता. त्यातल्या फक्त एक तृतीयांश मुलांना ओटी लागेल असं धरलं तरी ती एकशेवीस होतात. एकशेवीस मुलं आणि पंधरा जागा. इथे आणखी एक ओटी नेमलात तर वर्षाला साडेसात जागा वाढतील. पहिल्या तीन महिन्यांत तिची सगळी वेळ भरेल, आणि चौथ्या महिन्यात तुम्ही परत हाच प्रश्न घेऊन याल.

म्हणून मागून पुढे यायचं. आधी थेरपीचं वेळापत्रक, मग तपासणी, मग थकबाकी. उलट क्रमाने केलं तर दारातली रांग फक्त आत सरकते.

थेरपीत मी सुचवते ती पद्धत म्हणजे ठरावीक मुदतीचे ब्लॉक. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, आई-बाबांपैकी एक किंवा आजी कायम खोलीत. सुरुवातीला पालकांबरोबर बसून दोन किंवा तीन उद्दिष्टं ठरवायची, आणि ती रोजच्या जगण्यातली. ‘सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या संवेदनांचा मेळ) सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘वाटीतला वरणभात चमच्याने स्वतः खाणे, निम्मा सांडला तरी चालेल’ हे उद्दिष्ट आहे. बारा आठवड्यांनी बघायचं, घरी करायचं काम लिहून आणि करून दाखवून द्यायचं, मग दोन-तीन महिने मध्यंतर. त्या काळात पंधरा दिवसांनी एक फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ बघून दोन सूचना. नंतर गरज असेल तर पुढचा ब्लॉक, नव्या उद्दिष्टांसह.

साठपैकी वीस सेशन मी यातून वगळून ठेवीन. काही मुलांना ही पद्धत चालत नाही. शस्त्रक्रियेनंतरचं किंवा ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम इंजेक्शननंतरचं सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेलं) मूल, सहा-आठ महिन्यांचं जोखमीचं बाळ, गिळताना ठसका लागणारं मूल, यांना त्या त्या काळात सलग आणि जास्त वेळा यावंच लागतं. उरलेल्या चाळीस सेशनमध्ये एका वेळी चाळीस मुलं आणि वर्षाला चार फेऱ्या, म्हणजे एकशेसाठ ब्लॉक. एकशेवीस नवीन मुलांना प्रत्येकी एक दिला की चाळीस उरतात, आणि ते आधीपासूनच्या मुलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या ब्लॉकला जातात. ओढाताण होईल, आणि दुसऱ्या वर्षी परतणारी मुलं वाढल्यावर आणखी होईल. पण पंधरा आणि एकशेसाठ यातला फरक कुठल्याही एका नेमणुकीने भरून निघणारा नाही.

पालक याला विरोध करतील, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आईला ‘आता मध्यंतर’ म्हटलं की तिला वाटतं, मूल सुधारणार नाही म्हणून सोडून दिलं. म्हणून आत्ता चालू असलेल्या तीस मुलांना एकदम थांबवू नका. नवीन मुलं ब्लॉकवर घ्या, जुन्यांचं प्रत्येकाचं स्वतंत्र बोलणं करून तीन-चार महिन्यांत वळवा. आणि मध्यंतरानंतरची परतीची तारीख आधीच लिहून द्या, अगदी केस पेपरवर. ‘गरज पडली तर या’ या वाक्यावर कोणाचाच विश्वास नसतो, आणि तारीख हातात नसेल तर लोक जागा सोडत नाहीत.

पालकांकडून काम करून घेणं म्हणजे आपली जबाबदारी ढकलणं, असा आक्षेप माझ्याच व्यवसायातले लोक घेतात. मला तो अर्धाच पटतो. गोव्यातली ‘संगथ’ ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून ऑटिझम असलेल्या मुलांच्या ६५ कुटुंबांत एक चाचणी केली होती. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांना मुलाशी कसं वागायचं-बोलायचं हे शिकवत होते. पालकांचं मुलाच्या कलाने घेणं वाढलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. सगळ्याच मापांवर फायदा दिसला असं नाही. आई आणि मूल एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देतात ते तर कमी झालं. तरी आपल्या माणसांत, आपल्या पैशांत हे जमतं, हे त्यातून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रमही याच विचाराचा आहे, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटींचा, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांसाठी.

आक्षेपाचा पटणारा अर्धा भाग असा. घरी करायचं काम म्हणजे बहुतेक वेळा आईने करायचं काम. तिच्याकडे सासू-सासरे, दुसरं मूल, शेत किंवा नोकरी आहे. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या आसपास जातं ते उन्हाळ्यातच परत येतं. त्यांना बारा आठवड्यांचा ब्लॉक पावसाळ्यातच द्यायला हवा आणि बाकीचा काळ फोनवर. तेव्हा घरचं काम अर्धा तास वेगळं बसून करायचं नसावं. आंघोळ, जेवण, कपडे घालणं, एसटीतला प्रवास यातच ते बसवता आलं पाहिजे. ज्या घरात तेही शक्य नाही त्या मुलाला तुमच्या वीस राखीव सेशनमध्ये जागा द्या. हा निर्णय थेरपिस्टने घ्यावा, रिसेप्शनने नव्हे.

बोलण्याच्या मुलांचं गणित वेगळं आहे, कारण तुमची स्पीच थेरपिस्ट अर्धवेळ आहे आणि ‘बोलत नाही’ ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी तक्रार असणार. इथे गट करा. अडीच-तीन वर्षांची, दोन-चार शब्द बोलणारी पाच-सहा मुलं आणि त्यांच्या आया, आठवड्यातून एकदा तासभर. अर्थात खूप घाबरणारं किंवा गोंगाट अजिबात सहन न होणारं मूल गटात बसवू नका. आणि एक नियम आजपासून लावा: ‘बोलत नाही’ म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी तुमच्या तारखेच्या आधी झालेली हवी. नाव नोंदवतानाच जिल्हा रुग्णालयाची किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजची चिठ्ठी द्या. किती तरी मुलं पहिल्या तपासणीला येतात, तिथे ‘बेरा (श्रवणाची एक चाचणी) करून या’ असं ऐकतात, आणि पुन्हा दोन महिन्यांनी उगवतात. थांबण्याच्या काळात होऊ शकणारं काम थांबून झाल्यावर सांगायचं, याला काही अर्थ नाही.

आता तपासणीकडे. महिन्याला डॉक्टरांचे आठ-नऊ दिवस आणि तीस मुलं, म्हणजे दिवसाला साडेतीन. प्रत्येक मुलाची सुरुवातीलाच सगळी चाचणी-मालिका होत असणार, असा माझा अंदाज आहे. माझं म्हणणं, पहिली भेट पाऊण तासाची ठेवा. माहिती घ्यायची, मुलाला खेळताना बघायचं, तातडीचं काही आहे का ठरवायचं, आणि त्याच दिवशी घरी सुरू करायच्या तीन गोष्टी सांगून पुढची वाट दाखवायची. पूर्ण चाचणी तिथेच करा जिथे तिच्यामुळे निर्णय बदलणार आहे. वर्षाच्या आतलं बाळ स्पष्टपणे मागे आहे, त्याला डीएएसआयआयचा (बाळांच्या विकासाच्या चाचणीचा) नेमका गुणांक मिळेपर्यंत थेरपीवाचून ठेवू नका. चाचणी नंतर होईल. ऑटिझमची लक्षणं ढळढळीत आहेत, मग आयएसएएचे, म्हणजे ऑटिझम मोजायच्या भारतीय तक्त्याचे, चाळीस मुद्दे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागतील तेव्हा भरा. उलट जिथे शंका आहे, जिथे दोन निदानांमध्ये उपचार वेगळे होतात, तिथे वेळ हात राखून देऊ नका.

पाऊण तासाच्या हिशोबाने डॉक्टर दिवसाला सहा नवीन मुलं बघू शकतील, फॉलोअपला वेळ ठेवून. महिन्याला पन्नासच्या आसपास. तीस नवीन येणारी वजा केली की थकबाकीतली वीस दर महिन्याला कमी होतात. फोन केल्यावर समजा दीडशे नावं उरली. सहा शनिवारी बाहेरचे एक-दोन बालविकास तज्ज्ञ बोलावून दिवसाला बारा मुलं बघितली, तर बहात्तर झाली. उरलेली अठ्ठ्याहत्तर चार महिन्यांत संपतात. देणगीदाराचा पैसा इथे वापरा, या शनिवारच्या मानधनाला आणि फोन करणाऱ्या व्यक्तीला. देणगीदारांना भिंतीवर पाटी हवी असते हे मला माहीत आहे, आणि सहा शनिवारांची पाटी लावता येत नाही. तेवढं तुम्हालाच जमवावं लागेल.

थकबाकी संपली की यादी ठेवायची पद्धतच बदला. मेलबर्नच्या पूर्व भागातल्या आठ आरोग्य सेवांमध्ये याचा अभ्यास झाला होता. आधी थकबाकीवर एकदाच जोर लावला, आणि मग दर आठवड्याला जितके नवीन रुग्ण येतात तितक्या वेळा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या. नाव नोंदवलं की लगेच तारीख. कोणाला किती जास्त सेवा द्यायची हे पहिल्या भेटीनंतर थेरपिस्टने ठरवायचं. थांबण्याचा काळ सुमारे एक तृतीयांश कमी झाला, आणि नवीन कायमची माणसं न नेमता. तो देश वेगळा, त्यांची व्यवस्था वेगळी हे मान्य. पण तत्त्व इथेही लागू पडतं: नवीन मुलांच्या राखीव वेळा फॉलोअपने खाऊ द्यायच्या नाहीत. केंद्रात सगळ्यात ओळखीचे चेहरे फॉलोअपचे असतात, त्यामुळे ‘यांना आजच बसवा हो’ हे त्यांच्याच बाबतीत होतं.

राखीव वेळा वर्षभर सारख्या ठेवून मात्र चालणार नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ऑगस्टपर्यंत ‘वर्गात बसत नाही’वाली मुलं येतात. दिवाळीनंतर दहावीच्या सवलतींसाठी धावाधाव सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं (या कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ मध्ये पालघरहून झाली) अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. त्यांची फेरी एखाद्या तालुक्यात झाली की आठवडाभरात चिठ्ठ्यांचा गठ्ठाच येतो. पथकातल्या डॉक्टरांचा नंबर घ्या आणि फेरीचं वेळापत्रक आधी मागून ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीशी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राशी, महिन्यातून एकदा यादी ताडून बघा. तेच मूल दोन्हीकडे नाव लावून बसलेलं सापडेल, आणि कधीकधी त्यांच्याकडे फिजिओथेरपिस्ट मोकळा असतो तेव्हा तुमच्याकडे रांग असते.

अभ्यासातल्या अडचणींची, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांची रांग पूर्ण वेगळी करा. तिथे मुख्य काम सायकॉलॉजिस्टचं आणि विशेष शिक्षकाचं आहे. डॉक्टरांच्या वेळेत ही मुलं घातली की दोन वर्षांच्या आतली बाळं मागे पडतात. पहिलीतल्या मुलाला अध्ययन अक्षमतेचं निदान मागणाऱ्या पालकांना साधारण तिसरीपर्यंत थांबावं लागतं हे फोनवरच सांगा, आणि शाळेत तोवर काय करता येईल याचं एक पान द्या.

प्रमाणपत्राचीही तिसरी रांग असते आणि ती तुमच्या हातात नसते. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र), वैद्यकीय मंडळाचा वार, पुन्हा बोलावणं. एवढंच बघा की थेरपी प्रमाणपत्रासाठी अडणार नाही. पण अर्ज लवकर करायला मात्र सांगा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची, आणि तीत ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही बसतो. प्रमाणपत्र नसलं की ती मिळत नाही, आणि पैसे संपले म्हणून मध्येच थांबलेली मुलं सहा महिन्यांनी पुन्हा तुमच्याच यादीत येतात.

नोंदणी बंद करण्याच्या सूचनेबद्दल. बंद केलेली रांग नाहीशी होत नाही, ती फक्त तुमच्या वहीतून जाते. ज्यांच्या ओळखी आहेत ते ट्रस्टींना फोन करून आत येतात. ज्यांच्या नाहीत ते गावी परततात आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं ऐकत वर्ष काढतात. तीन महिन्यांनी दार उघडलं की पहिल्याच आठवड्यात नव्वद नावं. यादीतल्या कुटुंबांसाठी महिन्याच्या एका शनिवारी खुली सभा ठेवा, एवढं मात्र कराच. खेळ, बोलणं, मोबाइल, झोप, जेवण यावर दोन तास आणि प्रश्न. निदान नसतानाही देता येईल असा बराच सल्ला आपल्याकडे असतो.

मोजायचं काय, तर सरासरी नको. सरासरीत तातडीने घेतलेली बाळं आणि वर्षभर लटकलेली मुलं एकमेकांना झाकतात. दर सोमवारी पुढची तिसरी मोकळी वेळ किती दिवसांनी आहे, ते लिहून ठेवा. पहिली-दुसरी मोकळी वेळ कोणी रद्द केली म्हणूनही सापडते, तिसरी खरं सांगते. हे तपासणीसाठी वेगळं, ओटीसाठी वेगळं, स्पीचसाठी वेगळं. त्याच्याजोडीला पहिल्या भेटीच्या वेळचं मुलाचं वय. ते खाली येत असेल तर तुम्ही बरोबर चाललाय, मग यादीत नावं थोडी वाढली तरी.

आणि ती वाढतील. तारीख लवकर मिळते हे कळलं की आजूबाजूचे बालरोगतज्ज्ञ जास्त मुलं पाठवू लागतात. देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यात उत्तर गोवाही होता, दोन ते सहा वयाच्या ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित अडचणी आढळल्या होत्या. तुमच्या जिल्ह्यात यातली किती मुलं कोणाच्याच यादीत नाहीत, याचा अंदाज तुम्हीच करा.

तेव्हा चार महिन्यांनी परत बघा. ब्लॉक सुरू झालेत, थकबाकी उतरतेय, आणि तरी एखाद्या सेवेची तिसरी मोकळी वेळ पुढेपुढेच जातेय, तर माणूस तिथे नेमा. माझा अंदाज, ती ओटी नसेल, स्पीच थेरपिस्ट असेल. जिल्ह्याच्या गावी त्या मिळणं कठीण. पूर्णवेळ मिळत नसेल तर शेजारच्या तालुक्यातल्या शाळेबरोबर किंवा दुसऱ्या ट्रस्टबरोबर मिळून एक पूर्णवेळ जागा काढा, तीन दिवस तुमच्याकडे, दोन दिवस त्यांच्याकडे. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी स्वतः तपासून घ्या. हाताखाली मदतनीस घेतलात, तर तिला चांगलं शिकवा, पैसे नीट द्या, पण थेरपिस्ट म्हणून पाटी लावू नका. गेल्या सहा महिन्यांतले दोन आकडे मात्र मला आताच हवे आहेत: बोलावूनही न आलेली मुलं किती, आणि थेरपीतून बाहेर पडलेली किती. ते कळवलेत तर वर मांडलेला हिशोब तुमच्या केंद्राला बसतो की नाही ते सांगते.